संसारी माणसाचे सर्वस्व

संजीवन सभांच्या शेवटच्या रात्री व्यासपीठावरून एक हाक हमखास येते. ज्यांना आपले सर्वस्व प्रभूला वाहायचे आहे, नोकरीधंदा आणि घरदार मागे ठेवून जे पूर्णवेळ सेवेला निघायला तयार आहेत, त्यांनी पुढे यावे. काही तरुण पुढे जातात, गुडघे टेकतात, पाळक त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. बाकीची मंडळी जागेवरच उभी असते: जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई, इस्पितळातली नर्स, एस.टी.चा कंडक्टर, गवंडी, एक लेकरू कडेवर आणि एक हाताशी धरून उभी असलेली आई. त्यांना तोंडावर कोणी कमी लेखत नाही. पण त्या घटकेला मंडळीच्या मधोमध एक रेघ ओढली जाते. रेघेच्या पलीकडे सर्वस्व देणारे. अलीकडे रविवारची उपासना, दशांश आणि जमेल तेवढी प्रार्थना करणारे. पलीकडच्यांचे मन पूर्ण, अलीकडच्यांचे अर्धे. ही रेघ शुभवर्तमानातली नाही, असे माझे म्हणणे आहे. माणसांनी ती ओढली, आणि दोन्ही बाजूंना सोयीची पडते म्हणून ती आजवर टिकली.

समोरच्या बाजूचे म्हणणे आधी पुरते मांडतो, कारण ते पोकळ नाही. पेत्र आणि अंद्रियाने जाळी टाकली, याकोब आणि योहानाने बापाला तारवात सोडले, मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठला. श्रीमंत माणसाला येशूने सगळे विकून गोरगरिबांना द्यायला सांगितले आणि तो खिन्न होऊन निघून गेला. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले की अविवाहिताला प्रभूच्या गोष्टींची चिंता असते, विवाहिताला जोडीदाराच्या संतोषाची, आणि त्याचे मन दुभंगते. पुढे अंतोनी वाळवंटात गेला. असिसीच्या फ्रान्सिसने बापाचे धन आणि अंगावरचे कपडेसुद्धा परत केले. आपल्याकडे पंडिता रमाबाई आहेत. नारायण वामन टिळक आहेत, ज्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. एवढ्या साक्षी समोर असताना संसारी माणसाने कोणत्या तोंडाने म्हणावे की मीही सर्वस्व दिले आहे?

उत्तराची सुरुवात आज्ञेपासूनच करू. सर्व मनाने, जिवाने आणि शक्तीने देवावर प्रीती करण्याची आज्ञा बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. मोशे ती याजकांना बाजूला घेऊन सांगत नाही. यार्देन ओलांडून शेतीवाडी करायला निघालेल्या सबंध इस्राएलाला तो ती सांगतो. आणि सांगून झाल्याबरोबर ती कुठे पाळायची हेही बजावतो: मुलांशी बोलताना, घरात बसले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना; हातावर, कपाळावर, दाराच्या चौकटीवर. त्या यादीत निवासमंडप नाही, वेदी नाही, याजकही नाही. पूर्ण मनाची मागणी झाली ती घर, वाट, अंथरूण आणि उंबरठा यांच्यापाशी. शास्त्र्याने येशूला सर्वांत मोठी आज्ञा विचारली तेव्हा त्याने हीच उचलली आणि शेजाऱ्यावरची प्रीती तिला जोडून दिली. शेजाऱ्याला वगळून ती पाळताच येणार नाही, अशी तिची बांधणी त्याने करून ठेवली.

आणि खुद्द येशू? लूक सांगतो की त्याने सेवेला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीची वर्षे नासरेथात, सुतारकामात, आई आणि भावंडांमध्ये गेली. बाप्तिस्मा घेऊन तो पाण्यातून वर आला तेव्हा आकाशातून वाणी झाली की पिता या पुत्रावर संतुष्ट आहे. तोवर त्याने एक प्रवचन केले नव्हते, एक रोगी बरा केला नव्हता, एक शिष्य बोलावला नव्हता. पुत्राविषयी पित्याचा संतोष अनादी आहे, हे मी विसरलेलो नाही. तरीही त्या वाणीच्या मागे जे आयुष्य उभे होते ते एका गावातल्या कारागिराचे होते. पूर्णवेळ सेवेलाच सर्वस्व मानणाऱ्यांनी मला सांगावे: नासरेथची ती वर्षे पित्याला अर्ध्या मनाने दिलेली होती काय?

जाळी सोडून आलेल्यांवर आपण भरपूर प्रवचने ऐकतो. परत पाठवलेल्या माणसावर फारशी ऐकू येत नाहीत. गरसेकरांच्या मुलखातला तो भूतग्रस्त शुद्धीवर आला, अंगावर वस्त्र घालून बसला आणि मलाही बरोबर ने म्हणून येशूला विनवू लागला. त्याच्याजवळ मागे ठेवण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्याच्याइतका मोकळा शिष्य मिळाला नसता. येशूने त्याला तारवात घेतले नाही. घरी, आपल्या माणसांत जा, आणि प्रभूने तुझ्यावर कशी दया केली ते त्यांना सांग, असे म्हणून परत पाठवले. आजच्या सभेत असा माणूस पुढे आला असता तर आपण त्याला त्याच महिन्यात साक्ष द्यायला गावोगाव फिरवले असते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले, आम्ही काय करावे म्हणाले. योहान स्वतः रानात राहणारा, उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा. त्याने त्यांना रानात बोलावले असते तर कोणाला नवल वाटले नसते. त्याने सांगितले ते असे: ठरल्याहून जास्त वसूल करू नका, कोणाला धाक घालून उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात भागवा. नाक्यावरच्या माणसाला त्याने नाक्यावरच पश्चात्ताप करायला लावला.

पौलाचे दुभंगलेल्या मनाविषयीचे म्हणणे मात्र अवघड आहे, आणि ते मी टाळणार नाही. त्याच अध्यायात तो सांगतो की कुमारिकांविषयी त्याच्याकडे प्रभूची आज्ञा नाही, तो आपले मत देतो आहे; आणि ज्याला जशा स्थितीत बोलावले तशा स्थितीत त्याने राहावे, असेही तिथेच लिहितो. दोन अध्याय पुढे, केफा, म्हणजेच पेत्र, आणि इतर प्रेषित आपल्या बायकांना बरोबर घेऊन फिरतात, हे तो सहज सांगून जातो. म्हणजे जाळी टाकणाऱ्या पेत्राने संसार टाकलेला नव्हता. पौल स्वतः करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवत होता, आणि मंडळीवर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस हातांनी राबलो असे थेस्सलनीकाच्या लोकांना त्याने लिहिले. एवढे सांगूनही त्याच्या वाक्यातले सत्य उरतेच. संसारात लक्ष विभागते. ज्याच्या घरात आजारी बाप आणि शाळेची फी आहे त्याला हे सांगावे लागत नाही. पण लक्ष विभागणे वेगळे आणि निष्ठा विभागणे वेगळे. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी रात्रभर बसलेल्या आईचे लक्ष स्तोत्रात नसेल. ती रात्र देवाला कमी पडली असे ज्याला म्हणायचे असेल त्याने आजाऱ्याला भेटायला गेलेल्यांविषयी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात काय म्हटले आहे ते पाहावे.

ही रेघ आली कुठून, याचा माग काढता येतो. चौथ्या शतकाच्या आरंभी केसरियाचा बिशप युसेबियस याने ख्रिस्ती जीवनाचे दोन मार्ग सरळ लिहून ठेवले: एक परिपूर्ण, लग्न-मालमत्ता यांच्या पलीकडचा, दुसरा खालचा, लग्न, शेती आणि व्यापार करणाऱ्यांचा. पुढची हजारएक वर्षे युरोप याच दोन पायऱ्यांवर उभा राहिला. १५२० साली लूथरने जर्मन सरदारांना लिहिलेल्या पत्रात आध्यात्मिक वर्ग आणि ऐहिक वर्ग हा भेदच नाकारला. कॅथलिक मंडळीनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘लुमेन जेंटियुम’ या दस्तऐवजाचा पाचवा अध्याय पवित्रतेचे पाचारण सर्वांना आहे, हे सांगण्यासाठीच दिला. म्हणजे दोन्ही घराण्यांनी ही रेघ अधिकृतपणे पुसली आहे. तरी वसईच्या धर्मग्रामात आणि नगरच्या मंडळीत ती तशीच आहे. प्रॉटेस्टंटांनी मठ बंद केले आणि त्या जागी ‘पूर्णवेळ सेवक’ बसवला.

पुसूनही ती का राहते? कारण ती दोघांनाही लाभाची आहे. व्यासपीठावरच्यांना तिच्यामुळे दर्जा मिळतो. अलीकडच्या माणसाला सूट मिळते, आणि माझा खरा वाद या सुटीशी आहे. ‘आम्ही संसारी माणसे, आम्हाला कुठे तेवढे जमते?’ हे वाक्य नम्रतेचे वाटते. मला दरवेळी त्यामागे एक करार दिसतो: देवा, सगळे देणारे लोक वेगळे आहेत, त्यांच्याकडून तू सगळे घे, मी माझा दहावा भाग बिनचूक देईन, उरलेल्या नऊ भागांविषयी विचारू नकोस. मग त्या नऊ भागांत काहीही चालते. फ्लॅटच्या व्यवहारात अर्धी रक्कम रोखीने चालते. मुलीकडच्यांनी ‘हौसेने’ दिलेले फ्रीज आणि मोटारसायकल चालते. संस्थेच्या कागदावर एक पगार आणि शिक्षिकेच्या हातात दुसरा, हेही चालते, आणि अशा संस्थेच्या कार्यक्रमाची सुरुवात प्रार्थनेनेच होते. संध्याकाळी घरोघरी कौटुंबिक प्रार्थना होते, तीही मनापासून होते. यातली बहुतेक माणसे ढोंगी नसतात. देवाचा संबंध तिथेही येतो हे त्यांना कोणी कधी ठणकावून सांगितलेलेच नसते.

भक्ती वाढली की हे आपोआप सुधारेल, असे उत्तर मला मिळते. ते खरे नाही. भक्तीचे तास वाढवूनही माणूस जिथल्या तिथे राहू शकतो; इतकेच काय, भक्तीच्या आडून तो अधिक वाईट होऊ शकतो. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू ज्या चालीवर संतापला ती आठवा. आईबापांच्या उदरनिर्वाहाला लागणारे धन ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिले असे जाहीर केले की मुलगा त्या जबाबदारीतून सुटत असे, आणि शास्त्री त्याला सुटू देत. तिथे भक्ती कमी पडली नव्हती. देवाच्या नावाने म्हाताऱ्यांच्या हक्काचे हिरावून घेतले जात होते.

आणि मार्काचा बारावा अध्याय शेवटपर्यंत सलग वाचा. दशांशाच्या रविवारी त्यातली एक गोष्ट तोडून आपल्याला ऐकवतात: गरीब विधवेने मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकल्या, श्रीमंतांनी उरलेल्यातून टाकले, तिने आपली सगळी उपजीविका टाकली. सर्वस्व म्हणजे काय याचे ते उदाहरण आहेच. पण तिच्या आधी काय आहे? शास्त्र्यांविषयीचा इशारा. लांब झगे घालून मिरवणारे, सभास्थानात मानाच्या जागा घेणारे, लांबलचक प्रार्थना करणारे आणि विधवांची घरे गिळणारे, असे येशू त्यांचे वर्णन करतो. घरे गिळण्याचे शब्द जेमतेम संपतात आणि विधवा येते. तिच्यानंतर, पुढच्या अध्यायाच्या आरंभीच, काय आहे? एक शिष्य मंदिराचे भव्य चिरे कौतुकाने दाखवतो आणि येशू सांगतो की यातला चिऱ्यावर चिरा राहणार नाही. त्या विधवेचे सर्वस्व ज्या भांडारात पडले ते भांडार असे होते. तिच्या मनाचे मोल येशूने जाणले. तिच्यावर ही पाळी आणणाऱ्या व्यवस्थेला त्याने त्याच दमात दोषी ठरवले. आपण पहिली गोष्ट सांगतो, दुसरी गिळतो, आणि भांडी घासून आलेल्या बाईकडून दहावा भाग घेऊन तिला विधवेच्या दोन टोल्यांची आठवण देतो. त्या अध्यायातल्या कोणत्या माणसांच्या रांगेत आपण जाऊन बसतो, हे पाळकांनी आणि पंचांनी स्वतःला विचारावे.

भक्तीचे तास आणि पूर्ण मन यांचा संबंध किती तुटू शकतो याचा मोठा पुरावा जात आहे. गोव्यात अनेक गावांतल्या कॉन्फ्रारियांचे, म्हणजे चर्चमधल्या बंधुसंघांचे, सदस्यत्व पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरत आले. कोणत्या सणाचा मान कोणाचा, हेही. ही माणसे चर्चला पाठ फिरवलेली नव्हती. मिस्सा चुकवायची नाहीत, नोव्हेना करायची, रोज रात्री तेर्स म्हणायची. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांना नाक वर करायला जागा नाही. मुलीचे स्थळ पाहताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न आजही दबक्या आवाजात विचारला जातो, आणि उत्तरावर स्थळ ठरते. प्रार्थनेचे एक मिनिटही कमी न करता, देवाने या विषयात बोलू नये अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे. माझ्या मते अर्ध्या मनाची याहून स्पष्ट खूण नाही. तासांचा हिशोब लावून ती सापडायची नाही.

याच्या उलट नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक पाहा. नवरा ख्रिस्ती झाला, त्या झाल्या नाहीत. दुरावा, अपमान, माहेर-सासरचा आक्रोश सगळे सोसले. त्यांच्या मनात बदल घडला तो ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनीच सांगितला आहे. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना पटले, आणि पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची हरकत मानली नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा. ब्राह्मण घरातल्या बाईसाठी सर्वांत कठीण जागा कोणती होती? सोवळे. स्वयंपाक आणि पाणी. त्यांनी देवाला पहिली वाट दिली ती नेमकी तिथे. कोणत्याही व्यासपीठापुढे गुडघे टेकण्याआधी त्यांच्या सर्वस्वातली सर्वांत जड गोष्ट देऊन झाली होती.

टिळकांचे उदाहरण माझ्याविरुद्ध दिले जाते म्हणून त्याविषयी बोलतो. त्यांच्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे. पण ‘देवाचा दरबार’ ही पूर्णवेळ सेवकांची वेगळी जात नव्हती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात असावेत अशी त्यांची कल्पना होती. रेघ पुसण्याचाच तो प्रयत्न होता. आणि टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, दारी आलेला रिकामा जात नसे, तेव्हा घर कोण चालवत होते, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नवरा सर्वस्व देतो तेव्हा त्या सर्वस्वात बायकोचाही वाटा असतो, आणि तिला विचारलेले असतेच असे नाही. पूर्णवेळ सेवकांच्या बायकामुलांनी जे सोसले त्यावर आपल्याकडे पुस्तके निघाली नाहीत. टिळकांच्या घरात निघाले, ही मराठीवर देवाची कृपा. आणि टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेले ते याच घर चालवणाऱ्या बाईने.

आता दुसऱ्या बाजूने एक जण उठेल आणि म्हणेल: बरोबर आहे, कामच पूजा. मी माझी नोकरी इमानेइतबारे करतो, तीच माझी भक्ती; मला प्रार्थना-उपवासाचे काही सांगू नका. या माणसाशीही माझे जुळत नाही. लूथरचा विचार पुढे असाच स्वस्त झाला, ही तक्रार जर्मन पाळक डिट्रिश बोनहॉफरने १९३७ साली ‘नाखफोल्गे’ या पुस्तकात मांडली. लूथर मठातून जगात परतला तो जगाशी झुंज घ्यायला. त्याच्या वारसांनी त्याचा अर्थ लावला की जग आहे तसे ठीक आहे आणि आपला धंदाही. बोनहॉफर बोलून थांबला नाही. नाझी राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फासावर चढवले. जर्मनीतले किती तरी इमानदार कारकून त्या राजवटीत आपले काम चोख करत होते.

आणि ‘काम हीच पूजा’ हे बोल आपल्या समाजात अधिक घातक आहेत, कारण इथे कामे माणसांना जन्माने वाटून दिलेली होती. नगर जिल्ह्यातल्या कित्येक ख्रिस्ती घरांचे पूर्वज गावकीच्या सक्तीच्या कामांत अडकलेले होते: मेलेली जनावरे ओढणे, निरोप पोचवणे, वेठ. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले, त्याच्या शाळांतून ही माणसे शिकली आणि त्या कामांतून बाहेर पडली. आहे तेच काम देवासाठी आनंदाने कर, असे त्यांना कोणी सांगितले असते तर तो देवाच्या नावाने केलेला अन्याय झाला असता. सावता माळ्याची गोष्ट मराठी ख्रिस्ती माणसाला परकी नाही. टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. मळा सोडून पंढरीला न गेलेल्या सावत्याकडे अरणगावी विठ्ठलच आला, ही कथा मला आवडते. पण सावत्याच्या हातात मळा होता, वेठ नव्हती. कलस्सैकरांस पत्रात पौल दासांना मनापासून काम करायला सांगतो, हे वचन मालक लोक फार प्रेमाने उद्धृत करतात. लगेच पुढे तो धन्यांना दासांशी न्यायाने आणि समतेने वागायला बजावतो, आणि याकोबाच्या पत्रात श्रीमंत शेतमालकांनी बुडवलेली कापणीवाल्यांची मजुरी ओरडते आणि ती देवाच्या कानी जाते. काम पूजा व्हायचे असेल तर त्या कामाचा न्याय-अन्याय पूजेत धरावा लागेल.

प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळेला माझा विरोध आहे असा समज होऊ नये. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक स्वयंपाकी होता. मूळ नाव निकोला हर्मन; सैन्यात जखमी होऊन लंगडा झालेला. स्वयंपाकघराचे काम त्याला स्वभावतः नकोसे होते, तरी वर्षानुवर्षे ते करताना तो देवाच्या सान्निध्यात राहायला शिकला. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्याला वेगळ्या वाटेनाशा झाल्या. १६९१ साली तो वारल्यावर त्याची पत्रे आणि संभाषणे छापली गेली. त्याचे नाव घेऊन लोक म्हणतात की बघा, वेगळ्या प्रार्थनेची गरज नाही. ते विसरतात की मठाची घंटा त्याला दिवसातून अनेकदा प्रार्थनेला उठवत होती, आणि तिथवर पोहोचायला त्याला कष्टाची वर्षे लागली. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमांत मठाच्या कोठाराच्या कारभाऱ्याला सांगितले आहे की मठाची भांडीकुंडी वेदीच्या पवित्र पात्रांसारखी समज. ती नजर वेदीपाशी रोज उभे राहणाऱ्यालाच येते. लॉरेन्सच्या घरात पाळणा नव्हता, घरभाड्याची तारीख नव्हती, हेही खरे. म्हणून संसारी माणसाने त्याची नक्कल करू नये. पण सकाळची पंधरा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून शास्त्र वाचायला ज्याला जमत नाही, त्याने दिवसभर माझे मन देवापाशी असते असे सांगू नये. ते मला पटत नाही.

रमाबाईंना मी शेवटी ठेवले, कारण त्या दोन्ही बाजूंच्या हातून निसटतात. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५ सालच्या उज्जीवनाविषयी सभांतून खूप बोलले जाते: रात्र-रात्र चाललेल्या प्रार्थना, मुलींचे अश्रू. ते घडले. पण त्याच केडगावात रमाबाईंनी विहिरी खणून घेतल्या, शेती उभी केली, विणकाम आणि शिवण शिकवले, गाई पाळल्या, छापखाना चालवला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी मुली आणल्या, आणि त्यांना फक्त स्तोत्रे शिकवली नाहीत, पोट भरायचे हुन्नर शिकवले. म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या, आणि ते जुळवले-छापले ते तिथल्या बायकांनी. त्यांच्या दिवसातला कोणता तास देवाचा आणि कोणता विहिरीचा, हे मला वेगळे काढून दाखवा. रमाबाईंना रेघेच्या पलीकडे बसवून आपण त्यांचा मान राखत नाही. आपल्यापुरते त्यांचे आव्हान काढून टाकतो.

काहींना प्रभू जाळी टाकायला बोलावतो; त्यांनी जावे, मंडळीने त्यांना पोसावे. एक आक्षेप मात्र उरतो, आणि तो मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. लोक म्हणतात, तुम्ही साधूंचे ओझे साध्या माणसांच्या डोक्यावर ठेवता. पहाटे पाचला उठून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला आणखी किती मागाल?

तिच्याकडून मी तासभरही मागत नाही. पूर्ण मनाची मागणी सर्वांना सारखी असली तरी ती सर्वांवर सारख्या वजनाने पडत नाही. जकातदार जक्कयावर ती त्याच्या संपत्तीच्या अर्ध्या भागाएवढी आणि लुबाडलेल्यांच्या चौपट परतफेडीएवढी पडली. त्याच्या शेजारच्या गरिबावर तिने पैशाचा भार घातला नाही, उलट त्याला देणे मिळाले. या बाईच्या बाबतीत मागणी बहुधा तिच्या मालकिणीकडे वळते, आणि ती मालकीण पुष्कळदा आपल्याच मंडळीत पुढच्या बाकावर असते. अनुवादाच्या सहाव्या अध्यायातली ती मोठी आज्ञा उघडा आणि एक पान मागे या. तिथे शब्बाथाची आज्ञा आहे, आणि तिचे कारण देताना सांगितले आहे की तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. रविवारी सकाळी उपासनेला निघण्याआधी आपल्या घरची भांडी कोण घासते, तिला आठवड्याची सुट्टी मिळते का, त्या दिवसाचे पैसे कापले जातात का, आजारपणात तिचा पगार चालू राहतो का, हे पाळकांनी गृहभेटीत विचारायला सुरुवात करावी. पास्टोरेट कमिटीने मंडळीच्या झाडूवाल्यापासून सुरुवात केली तरी चालेल.